पिकअपचा दिवा लागला, गाडी ओढेना : आधी काय पाहावे?



आपल्या चोपडे, आगरवाडा, मोरजी, मांद्रे ह्या भागात शेतीचा बहुतेक माल आता पिकअपनेच हलतो. नारळ, काजू, आंबे, भाजी, मिरची, भाताची पोती, खत, जनावरांचा चारा, सारे तिच्यातूनच जाते. पूर्वी शिवोलीला जायचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पूल झाल्यापासून शुक्रवारच्या म्हापसा बाजाराला पहाटे निघून वेळेवर पोहोचता येते. अशी गाडी वाटेत बंद पडली तर नुकसान एकट्या गाडीचे होत नाही. भाजी सुकते, बाजाराचा दिवस हुकतो, आणि दुरुस्तीचा खर्च हंगामाच्या कमाईतून जातो.

गाडीविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, समोरच्या फलकावर कसलासा दिवा लागला आहे. दुसरी, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. पुष्कळदा दोन्हींचे मूळ एकच असते. म्हणून ह्या लेखात दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवावी की दिवा म्हणजे ताप आहे. ताप आला म्हणजे शरीरात काहीतरी बिघडले एवढे कळते. तो मलेरियाचा की साध्या सर्दीचा, हे तपासल्यावाचून कळत नाही. तसेच दिवा कोणत्या बाजूला पाहावे एवढे सांगतो; कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. न तपासता भाग बदलत राहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दिवे इतके का वाढले?

जुन्या जीप आणि मॅटाडोर गाड्यांत दिवे मोजकेच असत. बिघाड कानाने आणि नाकाने ओळखला जाई. पुढे धुराविषयीचे कायदे कडक झाले. गाडीने स्वतःच आपली तपासणी करावी, असा नियम अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाला. आपल्या देशात ही पद्धत २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांनी आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी बसू लागली. त्यामुळे नव्या पिकअपमध्ये इंजिनाइतकेच लक्ष संगणकाकडे आणि त्याच्या सेन्सरांकडे द्यावे लागते.

चावी फिरविताच पाहावे

इंजिन सुरू करण्यापूर्वी चावी फिरविली की ऑइल, बॅटरी आणि इंजिन ह्यांचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. इंजिन सुरू झाले की थोड्याच वेळात ते विझले पाहिजेत. जो दिवा चावी फिरविल्यावर लागतच नाही, तो निरोगी गाडीचे लक्षण समजू नये. बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल, किंवा कोणी मुद्दाम काढून टाकली असेल. जुनी पिकअप विकत घेताना ही परीक्षा अवश्य करावी. विकणाऱ्याने दिवा बंद केला असेल तर इंजिनाचा जुना आजार आपल्या गळ्यात पडतो.

रंगांचा अर्थ सोपा आहे. तांबडा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे सावकाश जा आणि लवकर तपासून घ्या. हिरवा व निळा हे बहुधा नुसती माहिती देतात, जसे सिग्नल किंवा हेडलाइट चालू असल्याची.

तांबडे दिवे

१. तेलाची झारी. हा दिवा इंजिन ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगतो. चालताना तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. दाबाशिवाय इंजिन काही मिनिटे चालले तरी आतील बेअरिंगे घासून जातात आणि मग संपूर्ण इंजिन उतरवावे लागते. सपाट जागी दहा मिनिटे थांबून ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल कमी असेल तर योग्य प्रतीचे भरावे. भरूनही दिवा राहिला, किंवा पट्टीवर ऑइल पुरेसे असूनही दिवा लागला, तर गाडी ओढूनच न्यावी. गरम इंजिन मंद चालताना हा दिवा नुसता लुकलुकत असेल, तरी तो इशारा समजावा.

२. पाण्यातील थर्मामीटर. इंजिन तापले आहे. गाडी थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच तोंडावर उडते. निदान अर्धा तास थांबावे आणि झाकण हाताला थंड लागल्यावरच उघडावे. तोवर बाहेरून पाहावे: पंख्याचा बेल्ट तुटला आहे का, पाण्याचा पाइप फुटला आहे का, रेडिएटरच्या तोंडाशी चिखल आणि गवत चिकटले आहे का. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये; हेडला तडा जातो. अडचणीच्या वेळी स्वच्छ गोडे पाणी चालेल, परंतु घरी आल्यावर कूलंट योग्य प्रमाणात भरावे. खाजनातले किंवा नदीचे खारे पाणी कधीच घालू नये.

३. बॅटरी. ह्या दिव्याचा अर्थ बहुधा बॅटरी खराब झाली असा नसून ती चार्ज होत नाही असा असतो. आधी बॉनेट उघडून बेल्ट पाहावा. काही इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असेल तर पुढे जाऊ नये, कारण थोड्याच वेळात इंजिन तापेल. बेल्ट शाबूत असेल तर दिवसाउजेडी, अनावश्यक दिवे व पंखा बंद करून, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. साधा व्होल्टमीटर असल्यास तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तो १२ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही.

४. ब्रेक. आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते पाहावे. सुटला असूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइलची डबी पाहावी. ऑइल कमी होण्याची कारणे मुख्यतः दोन : ब्रेक पॅड झिजले आहेत, किंवा कोठेतरी गळती आहे. नुसते ऑइल भरून माल लादून निघू नये. ब्रेकचे पायडल खोल जात असेल, तर गाडी जेथे आहे तेथेच ठेवावी. माल भरलेली पिकअप सड्यावरून उताराला लागली की ब्रेकवाचून दुसरा आधार नाही.

पिवळे दिवे

१. इंजिनाचा आकार. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरू नये, पण त्याच आठवड्यात स्कॅनर लावून घ्यावा. दिवा लुकलुकू लागला, किंवा गाडी थरथरू लागली, तर वेग कमी करून थांबावे आणि गाडीच्या पुस्तिकेत त्या खुणेचा अर्थ पाहावा.

पुष्कळदा हा दिवा लागतो आणि गाडी एकदम मंद होते. कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन ठरावीक वेगापुढे जात नाही. ह्याने इंजिन गेले असे समजू नये. संगणकाला धोका दिसला म्हणून त्याने स्वतःच ताकद आवरून धरलेली असते, पाय मुरगळलेला माणूस लंगडत चालतो तशी. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कधी कधी ताकद परत येते. त्यावर समाधान मानू नये. कारण शिल्लकच असते.

२. डिझेलमध्ये पाणी. पावसाळ्यात हा दिवा विशेष लागतो. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतील दमट हवेचे पाणी होते. पिंपात किंवा कॅनमध्ये साठविलेले डिझेल हेही एक कारण आहे. डिझेल फिल्टरच्या तळाशी एक स्क्रू असतो. इंजिन बंद करून, खाली बाटली धरून तो सैल करावा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे, आणि हातपंपाने फिल्टरची एअर काढावी. काढलेले पाणी शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. हा दिवा लागलेला असताना गाडी चालवीत राहिल्यास पंप आणि इंजेक्टर गंजतात, आणि ते गाडीतील सर्वांत महाग भागांपैकी आहेत.

३. काजळीची गाळणी. ही नव्या गाड्यांत असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचा मार्ग सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. चोपडे ते शिवोली, शिवोली ते घर, अशा छोट्या फेऱ्यांत तो तेवढा तापत नाही. काजळी साठते, दिवा लागतो आणि गाडी जड होते. अशा वेळी मोठ्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून चालविल्यास दिवा बहुधा विझतो. न विझल्यास गॅरेज गाठावे. एक धोका मात्र जाणून असावे. काजळी जळत असताना सायलेन्सर अतिशय तापलेला असतो. त्या वेळी गाडी सुक्या गवतावर, पेंढ्याजवळ किंवा काजूच्या पाचोळ्यावर उभी करू नये. उन्हाळ्यात तेवढ्याने बागायतीला आग लागू शकते.

४. युरियाच्या द्रावणाचा दिवा. काही गाड्यांना ह्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. शेतातला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून तेथे भरणे ही मोठी चूक आहे. खताच्या युरियात आणि विहिरीच्या पाण्यात असलेल्या इतर पदार्थांनी धुराच्या मार्गातील किमती भाग निकामी होतात. दुकानातून सीलबंद कॅनच घ्यावा.

एकाच वेळी चार-पाच दिवे लागले तर

चार भाग एकाच दिवशी बिघडणे दुर्मीळ आहे. अशा वेळी आधी बॅटरीची टोके आणि इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची वायर पाहावी. शापोरा नदी आणि समुद्र जवळ असल्यामुळे आपल्याकडील हवेत मीठ आहे. टोकांवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि वीज पुरेशी पोहोचत नाही. टोके सोडवून (आधी ऋण टोक), कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, घट्ट बसवून थोडे ग्रीस लावावे. दुसरे कारण उंदीर. भाताच्या कोठीजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात. बॉनेटखाली काड्या, कागदाचे तुकडे किंवा लेंड्या दिसल्या तर मेकॅनिकला ते आधी सांगावे.

दिवा नाही, पण गाडी ओढत नाही

ह्या तपासण्या खालील क्रमाने कराव्यात. आधी बिनखर्चाच्या, मग कमी खर्चाच्या.

एक, वजन. आरसी बुकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरून गाडी मंद झाली तर तो गाडीचा दोष नाही. ओले नारळ, ओली वाळू, चिरे ह्यांचा अंदाज डोळ्यांना नेहमी कमी वाटतो.

दोन, टायर. हवा गाडी थंड असताना मोजावी. हवा कमी असली की गाडी ओढल्यासारखी चालते आणि डिझेल जास्त जाते.

तीन, अडकलेला ब्रेक. पाच-सहा किलोमीटर शक्य तितका ब्रेक न लावता चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. चाकाला स्पर्श करू नये. एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम वाटले तर त्याचा ब्रेक सुटत नाही. खारट हवेच्या गावांत आणि पावसाळ्यानंतर हा दोष वारंवार दिसतो.

चार, क्लच. वरच्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, आणि जळका वास आला, तर क्लच प्लेट घसरते आहे.

पाच, एअर फिल्टर. काजूच्या बागायतींकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवरची तांबडी धूळ फिल्टरमध्ये जाऊन बसते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. मळलेला असेल तर बदलावा. हा स्वस्त भाग आहे, आणि तो चोंदल्यावर होणारा त्रास पुष्कळ मोठा.

सहा, डिझेल फिल्टर. गाडी रिकामी असताना बरी चालते, पण माल भरून चढ लागला की दम तोडते, ही चोंदलेल्या डिझेल फिल्टरची ओळखीची खूण आहे.

सात, टर्बोचा पाइप. ताकद कमी, काळा धूर आणि दाब देताच सूं-सूं असा आवाज, ही तिन्ही एकत्र आली तर हवेचा रबरी पाइप फाटला किंवा निसटला असावा. जोडाजवळ तेलकट डाग दिसतात. हा दोष न ओळखता टर्बोच बदलायला सांगणारे भेटतात, म्हणून पाइप आधी पाहावा.

धुराची भाषा

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी : फिल्टर, पाइप किंवा इंजेक्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर पहाटे क्षणभर येऊन गेला तर हरकत नाही. तो सारखा येत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ज्या गाडीला काजळीची गाळणी आहे, तिच्यातून काळा धूर दिसूच नये. दिसला तर गाळणी फुटली असेल किंवा कोणी काढून टाकली असेल.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी

एक छोटी वही गाडीत ठेवावी. दिवा कोणत्या दिवशी लागला, किती किलोमीटर झाले होते, गाडीत किती माल होता, चढ होता की सपाट, पाऊस होता का, डिझेल शेवटी कोठे भरले, हे लिहावे. डॉक्टरला आजाराची सुरुवात सांगावी तसे हे आहे. मेकॅनिकचा निम्मा वेळ आणि आपले निम्मे पैसे वाचतात.

स्कॅनर लावल्यावर जो क्रमांक दिसेल तो वहीत लिहून घ्यावा. उदाहरणार्थ, पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पी ००८७ म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी. पण पी ०२९९ आला म्हणजे टर्बो गेला असे ठरत नाही. फाटलेल्या पाइपमुळेही तोच क्रमांक येतो. तसेच पी ००८७ आला तर महागडा पंप बदलण्यापूर्वी फिल्टर बदलून पाहावा. काहीही बदलण्यापूर्वी मेकॅनिकला विचारावे, "हाच भाग बिघडला हे कशावरून ठरविले?" चांगला मेकॅनिक ह्या प्रश्नाने रागावत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. नुसता क्रमांक पुसून दिवा विझविला तर दुरुस्ती झाली असे मानू नये. शक्य असल्यास तेवढ्याच मालासह, त्याच चढावर गाडी चालवून पाहावी.

आरोग्यासाठी तीन सूचना

डिझेल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढू नये. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. असे घडल्यास उलटी करवू नये. ताबडतोब इस्पितळात न्यावे, किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बॅटरी चार्ज करण्यासाठी बंद खोपीत किंवा गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखून गुंगी येते आणि माणूस तेथेच दगावतो.

रेडिएटरच्या पाण्याने भाजल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. खोबरेल तेल, टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये. अंगठी-बांगडी असल्यास सूज येण्याआधी काढावी. तोंड किंवा डोळे भाजले असतील तर डॉक्टरकडे जाण्यास उशीर करू नये.

आठवड्याची दहा मिनिटे

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, गाडी थंड असताना, पाच गोष्टी पाहाव्यात : इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरची हवा, आणि बेल्ट व बॅटरीची टोके. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर खालचा भाग आणि चाके गोड्या पाण्याने धुवावीत. पावसाळ्यात डिझेलची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि महिन्यातून एकदा फिल्टरचे पाणी काढावे. गाडीची पुस्तिका कपाटात न ठेवता गाडीतच ठेवावी, आणि घरातील जो कोणी गाडी चालवितो त्याला निदान चार तांबडे दिवे ओळखायला शिकवावे. मुलगा किंवा सून पहाटे एकटी माल घेऊन निघाली असता तेलाची झारी लागली, तर इंजिन बंद करावे हे तिला त्या क्षणी ठाऊक असले पाहिजे.